अर्शांवर शस्त्र केव्हां चालवावें ?
(संहिताग्रंथांतील निर्णयपद्धतीचा विचार)

१

जुन्या वैद्यक पोथ्यांच्या याद्या करितांना 'अर्श' हा शब्द आला कीं त्यापुढें 'मूळव्याध' असें लिहून मोकळें व्हावें, अशी वहिवाट पडून गेली आहे. ही वहिवाट सोयीची खरी. परंतु तिच्यामुळें प्राचीन शल्यतंत्रांतील एक महत्त्वाचा विषय दृष्टीआड झाला आहे. संहिताकारांचा अर्श म्हणजे केवळ गुदस्थानचा मोड नव्हे. नाक, कान, मुख, डोळ्यांच्या पापण्या, नाभि आणि जननेंद्रियें या सर्व ठिकाणीं उठणाऱ्या मांसांकुरांस सुश्रुतानें हेंच नांव दिलें आहे. आजचे शस्त्रवैद्य ज्यास 'पॉलिप' म्हणतात, त्या अंकुरांपैकीं पुष्कळ या एका शब्दाच्या पोटांत येतात.

अशा अंकुरावर औषधावर निभावून न्यावें, कीं तो जाळावा, कीं कापून काढावा, हा प्रश्न आजच्या रुग्णालयांत रोज उभा राहतो. तोच प्रश्न आपल्या ग्रंथांत स्पष्टपणें विचारलेला आहे व त्याचें उत्तरहि पद्धतशीर दिलेलें आहे. शस्त्राचा निर्णय रोगाच्या नांवावरून न करतां अंकुराचें वय, त्याचें मूळ, त्याचा कठिणपणा, तो डोळ्यांस दिसतो कीं नाहीं, आणि रोग्याचें बळ, एवढ्या गोष्टी पाहून करावयाचा, हें त्या उत्तराचें सार होय. प्रस्तुत लेखांत हें सार मूळ ग्रंथांच्या आधारें मांडावयाचें आहे. तें मांडतांना प्राचीनांच्या तोंडीं आधुनिकांचे शब्द घालावयाचे नाहींत, हें बंधन आम्हीं आरंभींच पत्करलें आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार. या शब्दाविषयीं खुद्द प्राचीनांतच मतभेद होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील अर्शाध्यायांत ग्रंथकार सांगतो कीं, कांहीं आचार्य अर्शाचें क्षेत्र फार विस्तृत मानतात. गळा, टाळू, मुख, नाक, कान, पापण्या, त्वचा इत्यादि स्थानेंहि ते त्यांत धरतात. या ठिकाणीं मांस वाढतें हें चरकास मान्य आहे. मात्र त्या वाढीस तो 'अधिमांस' म्हणतो, आणि आपल्या तंत्रापुरतें गुदवलींत होणाऱ्या अंकुरांसच 'अर्श' ही संज्ञा राखून ठेवतो. 'आपल्या तंत्रापुरतें' ही मर्यादा ध्यानांत घेण्यासारखी आहे. दुसऱ्यांची परिभाषा खोटी आहे असें तो म्हणत नाहीं. आपली निराळी आहे एवढेंच सांगतो.

सुश्रुताचा पक्ष याहून भिन्न आहे. निदानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत गुदांतील प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी या तीन वलींचें वर्णन करून झाल्यावर तो इतर स्थानांकडे वळतो. नाभीवरील अंकुरास तो गांडुळाच्या तोंडाची उपमा देतो. नाकांतील अर्शाचीं जीं लक्षणें त्यानें दिलीं आहेत, तीं वाचून आजचाहि नासारोगतज्ज्ञ रोग ओळखील : सर्दी हटत नाहीं, शिंका फार येतात, श्वास घेण्यास कष्ट पडतात, नाकास दुर्गंधि येते, बोलणें अनुनासिक होतें आणि डोकें दुखतें. उत्तरतंत्रांत नासारोगांची एकतीस ही संख्या भरतांनाहि चार प्रकारचे अर्श त्यानें मोजले आहेत.

या मतभेदाचा उगम दोन्ही ग्रंथांच्या व्यवसायांत आहे. कायचिकित्सक रोगाचें कारण पाहतो. म्हणून त्यास गुदांतील अंकुर आणि नाकांतील अंकुर निराळे वाटतात, कारण एकाचा संबंध अग्निमांद्याशीं व मलावरोधाशीं, तर दुसऱ्याचा प्रतिश्यायाशीं. शल्यतंत्रज्ञ हातांत काय सांपडतें तें पाहतो. त्याच्या दृष्टीनें दोन्ही ठिकाणीं मांसाचा अंकुर, त्याचें मूळ आणि तें मूळ तोडण्याची अडचण हीं सारखींच. म्हणून एका नांवाखालीं त्यानें सर्व गोळा केले. कोश करणारांनीं व यादी लिहिणारांनीं 'अर्श'चा अर्थ चरकाचा घेतला, आणि उतारे मात्र सुश्रुताचे जमा केले. त्यामुळें नाकाकानांच्या अंकुरांची चिकित्सा मूळव्याधीच्या सदरांत पडून राहिली.

३

आतां मुख्य वचनाकडे येऊं. सुश्रुताच्या चिकित्सास्थानाचा सहावा अध्याय अर्शचिकित्सेचा आहे. त्याच्या आरंभींच उपाय चार सांगितले आहेत : भेषज, क्षार, अग्नि आणि शस्त्र. चारांची नुसती नांवें देऊन ग्रंथकार थांबत नाहीं; कोणता उपाय कोणत्या अंकुरास, याची वांटणी तो लगेच करतो.

जे अंकुर उत्पन्न होऊन फार काळ लोटला नाहीं, ज्यांत दोष, लक्षणें व उपद्रव थोडे आहेत, ते औषधानें बरे होणारे. जे मऊ, पसरलेले, खोल गेलेले व वर उठलेले, ते क्षाराचे. जे खरखरीत, स्थिर, रुंद व कठीण, ते अग्नीचे. आणि ज्यांचें मूळ बारीक, जे उंच उठलेले व ओलसर स्रवणारे, ते शस्त्राचे. यावर एक पुरवणी आहे : जे अंकुर दिसतच नाहींत, त्यांस औषध हाच उपाय.

या वांटणींत वाताचा, पित्ताचा किंवा कफाचा उल्लेख नाहीं, ही गोष्ट सहज नजरेंतून निसटते. निदानस्थानांत याच ग्रंथकारानें दोषांप्रमाणें अंकुरांचे आकार मोठ्या हौसेनें वर्णिलेले आहेत. पित्ताचे अंकुर पोपटाच्या जिभेसारखे किंवा जळवेच्या तोंडासारखे; रक्ताचे वडाच्या पारंबीच्या कोंभासारखे, पोंवळ्यासारखे वा गुंजेसारखे; कफाचे फणसाच्या आठळीसारखे किंवा गाईच्या आंचळासारखे, पांढुरके, गुळगुळीत आणि 'महामूल'. परंतु उपाय निवडण्याची वेळ आली तेव्हां त्यानें पहिला विचार केला तो स्पर्शाचा व मुळाचा. दोषांचा विचार पुढें येतो : वातकफांच्या अंकुरांस अग्नि व क्षार, पित्तरक्तांच्या अंकुरांस मृदु क्षारच. म्हणजे दोषविचार हा निर्णयाचा पाया नसून त्यास घातलेली मुरड आहे.

'तनुमूल' आणि 'महामूल' हे दोन शब्द शेजारीं ठेवले म्हणजे ग्रंथकाराच्या मनांतील युक्तिवाद उलगडतो. देंठावर उभा असलेला अंकुर शस्त्रानें सुखानें सुटतो; जखम लहान राहते. रुंद बैठकीचा अंकुर कापावयास गेलें तर जखम मोठी होते व रक्त आवरत नाहीं. म्हणून तेथें डाग किंवा क्षार. हें कारण ग्रंथांत शब्दशः दिलेलें नाहीं, तें आमचें अनुमान आहे. परंतु त्याच अध्यायांतील दुसरा एक आदेश त्यास बळकटी देतो. अंकुर मोठे असून रोगी सशक्त असेल, तर ते छेदून वर डागावे, असें तेथें सांगितलें आहे. केवळ छेद पुरेसा नाहीं, मागें अग्नि हवा, आणि हें दुहेरी कर्म दुर्बळास झेपणार नाहीं, असे दोन निर्बंध या एका आदेशांत आहेत.

४

निर्णय करावयाचा तर आधीं पाहिलें पाहिजे. सुश्रुतानें न दिसणारे अंकुर शस्त्राच्या कक्षेबाहेर ठेवले, यांतच त्याची सावधगिरी दिसते. पाहण्यासाठीं जें साधन होतें, त्याचें मोजमाप वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत, सूत्रस्थानाच्या यंत्राध्यायांत आलें आहे. अर्शोयंत्र हें गाईच्या आंचळाच्या आकाराचें, चार अंगुळें लांब. त्याचा घेर पुरुषांकरितां पांच अंगुळें व स्त्रियांकरितां सहा. त्याचे प्रकार दोन : रोग पाहण्यासाठीं दोन छिद्रांचें, आणि कर्म करण्यासाठीं एकाच छिद्राचें. हें छिद्र तीन अंगुळें लांब व अंगठ्याएवढें रुंद.

पाहण्याचें यंत्र निराळें व कर्माचें निराळें, हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. दोन छिद्रांनीं चोहोंकडची पाहणी होते. एका छिद्रानें ज्यावर कर्म करावयाचें तेवढाच अंकुर पुढें येतो, बाकीचा भाग झांकून सुरक्षित राहतो. पाहणी आणि क्रिया या दोन पायऱ्या आहेत, हें त्या लोखंडाच्या घडणींतच उतरलेलें आहे. नाकांतील अर्श व अर्बुद यांसाठीं त्याच अध्यायांत वेगळी नळी सांगितली आहे : दोन अंगुळें लांब, तर्जनीच्या घेराची व एका छिद्राची.

सुश्रुताचा कर्मविधीहि असाच बेताबेतानें चालणारा आहे. आकाश निरभ्र असलेला साधारण काळ निवडावा. क्षार लावल्यावर शंभर मात्रा उच्चारण्यास लागेल तेवढाच वेळ थांबावें व मग पुसून पाहावें. अंकुर पिकल्या जांभळासारखा दिसूं लागला कीं आवरावें. अंकुर अनेक असतील तर एका वेळीं एकच घ्यावा, आणि दुसऱ्यास हात घालण्यापूर्वीं सात रात्री जाऊं द्याव्या. क्रमहि ठरलेला : प्रथम उजवा, मग डावा, मग पाठीकडचा, शेवटीं पुढचा. सर्व एकदम उरकून टाकण्याचा मोह वैद्यास होतो, हें ठाऊक असणारानेंच हे नियम बांधले असले पाहिजेत.

५

या पद्धतीविरुद्ध चरकाचा आक्षेप जोरदार आहे. शस्त्रानें कापावें, क्षारानें जाळावें, अग्नीनें डागावें असें कित्येक सांगतात, हें तो नमूद करतो. पण हें कर्म शास्त्र जाणणाऱ्या, बुद्धिमान व हात बसलेल्या वैद्यानेंच करावें अशी अट घालतो, आणि तें चुकल्यास काय ओढवतें याची यादीच देतो. पुंस्त्वाचा नाश, गुदाची सूज, वेगांचा अवरोध, पोटफुगी, शूळ, रक्ताचा अतिस्राव, आणि शेवटीं मरण. म्हणून आपण दारुण नसलेले, सोपे उपाय सांगूं, असें म्हणून तो औषधांकडे वळतो.

येथें चरक शस्त्राचा द्वेष करतो असें समजणें योग्य नाहीं. गुल्म पिकला असतां तो धान्वंतरीयांच्या स्वाधीन करावा, हें त्याचेंच सांगणें आहे. त्याचा आक्षेप निर्णयाच्या तराजूंत एक नवें वजन टाकतो. सुश्रुत विचारतो, हा अंकुर कसा आहे ? चरक विचारतो, हा हात कसा आहे ? शस्त्राचा निर्णय पुरा होण्यास दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें हवीं. सुश्रुताच्या पुढच्याच, म्हणजे सातव्या, अध्यायांत मुतखड्याच्या शस्त्रकर्माविषयीं हाच विचार आणखी स्पष्ट झाला आहे : कर्म न केल्यास मृत्यु निश्चित आणि केल्यास संशय, अशा वेळीं धन्याची अनुज्ञा घेऊनच हात घालावा. अर्शाध्यायांत अशा अनुज्ञेची अट नाहीं. कारण अर्शांत बहुधा थांबण्यास अवसर असतो व दुसरे उपाय शिल्लक असतात.

दोन टोंकांमधील एक मध्यम मार्गहि पुढें रूढ झाला. अकराव्या शतकांतील चक्रपाणिदत्ताच्या चिकित्सासंग्रहांत हळदीची पूड व निवडुंगाचा चीक यांच्या पुनःपुन्हां भावना दिलेलें सूत्र सांगितलें आहे; तें घट्ट बांधलें असतां अर्श व भगंदर तुटतात. शस्त्राचें काम येथें दोरा करतो, पण सावकाश. बांधण्यास देंठ लागतो. तेव्हां 'तनुमूल' हाच विचार येथेंहि गृहीत आहे.

६

इतर देशांतील प्राचीनांनींहि असाच भेद केला होता. 'पॉलिप' या शब्दाचें मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'अनेक पायांचा', म्हणजे आठ भुजांचा समुद्रजंतु. हिपोक्रेटिसच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथसमूहांतील रोगांवरील दुसऱ्या पुस्तकांत नाकांतील पॉलिपांचे पांच प्रकार आहेत, व प्रत्येकाचा उपाय निराळा : कोठें दोऱ्यास बांधलेला स्पंज नाकांतून मुखाकडे ओढून घ्यावयाचा, कोठें फांसानें अंकुर उपटावयाचा, कोठें तापलेलें लोखंड. या साम्यावरून कोणी कोणापासून घेतलें असा निष्कर्ष काढण्यास आधार नाहीं. सारख्या अडचणींनीं सारखीं साधनें सुचविलीं, एवढेंच म्हणणें प्रशस्त.

आधुनिक काळांत या निर्णयांत दोन गोष्टी नव्या आल्या : सूक्ष्मदर्शक आणि दूरवर पाहणारी नळी. लंडन येथील सेंट मार्क्स रुग्णालयाचे ड्यूक्स यांनीं १९२६ सालीं मोठ्या आंतड्यांतील साध्या गांठींचा कर्करोगाशीं असलेला संबंध मांडला. १९६९ सालीं न्यूयॉर्क येथें वुल्फ व शिन्या यांनीं लवचिक दुर्बिणींतून तारेचा फांस घालून, विजेच्या उष्णतेनें, पोट न उघडतां आंतड्यांतील पॉलिप काढले. छेद आणि दाह एकाच साधनांत आले. जे अंकुर सुश्रुताच्या वर्गवारींत 'अदृश्य' म्हणून औषधाकडे जात, ते दृश्य झाले आणि शस्त्राच्या कक्षेंत आले. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील अभ्यासांत पॉलिप काढून टाकलेल्या १४१८ रोग्यांचा पाठपुरावा केला होता. त्यांत आंतड्याच्या कर्करोगाचें प्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या समूहांच्या मानानें, ७६ ते ९० टक्क्यांनीं कमी आढळलें.

यानंतर प्रश्न राहिला तो मोठ्या शस्त्रकर्माचा : फांसानें काढलेल्या पॉलिपांत कर्करोग सांपडला तर आंतड्याचा भाग कापावा काय ? हॅगिट यांनीं १९८५ सालीं याचें उत्तर देंठाच्या आधारें दिलें. रोग अंकुराच्या डोक्यांत, मानेंत किंवा देंठांत थांबला असून कापलेली कड निर्दोष असेल व इतर वाईट चिन्हें नसतील, तर फांसाचें काम पुरतें. देंठाच्या खालीं आंतड्याच्या भिंतींत उतरला असेल, तर मोठ्या शस्त्रकर्माचा विचार करावा लागतो. देंठ नसलेल्या, रुंद बैठकीच्या अंकुरांत हा धोका आरंभापासूनच अधिक. नाकांतील पॉलिपांस प्रथम औषध व औषधानें न हटल्यास शस्त्र, हा क्रम आहे. मात्र एकाच नाकपुडींत अंकुर असल्यास तुकडा तपासून घेतात. पित्ताशयांतील पॉलिपांस १० मिलिमीटर ही शस्त्राची सामान्य मर्यादा धरतात.

हें सर्व वाचून 'आमच्या ग्रंथांत हें होतेंच' असें म्हणण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. सुश्रुतानें देंठ पाहिला, पेशी पाहिली नाहीं. बारीक मुळाचा अंकुर कापण्यास सोपा, हें त्यास ठाऊक होतें. साधा दिसणारा अंकुर पुढें घातक होऊं शकतो, हें सूक्ष्मदर्शकावांचून कळण्यासारखें नव्हतें. साम्य आहे तें प्रश्न विचारण्याच्या रीतींत; उत्तरें निराळीं आहेत. ही मर्यादा सांगणें अगत्याचें आहे, कारण जुन्या पानावरील क्षाराचा योग वाचून शौचावाटे रक्त जात असतांहि दुर्बिणीची तपासणी टाळणारे लोक आजहि भेटतात. ज्या ग्रंथाचा ते आधार घेतात, त्याचा पहिला उपदेश यंत्र घालून पाहावें हाच आहे.

७

शेवटीं पोथ्यांचा संग्रह करणारांसाठीं दोन शब्द. मधुसूदन गुप्त यांनीं सुश्रुतसंहिता कलकत्त्यास १८३५-३६ सालीं छापली. अष्टांगहृदयाची अरुणदत्ताच्या टीकेसह प्रत डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं मुंबईस १८८० सालीं प्रसिद्ध केली. यादवजी त्रिकमजी आचार्य यांचें डल्हणाच्या टीकेसह सुश्रुत निर्णयसागरांतून १९१५ सालीं, व सुधारून १९३८ सालीं निघालें. आपल्या हातीं असलेला पाठ बहुतांशीं डल्हणानें, म्हणजे बाराव्या शतकानें, स्थिर केलेला आहे. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांतील ताडपत्री प्रत इ. स. ८७८ ची असून तिचा पाठ कित्येक ठिकाणीं छापी पाठाहून भिन्न आहे. सुश्रुतावर विधान करणारानें यापुढें दोन्ही पाठ जवळ ठेवावेत.

सुटीं पानें ओळखतांना अध्यायाच्या अंकावर विसंबूं नये. चरकाचा अर्शाध्याय निर्णयसागरी प्रतींत चौदावा आहे. वंगीय परंपरेंत तो राजयक्ष्म्याच्या पाठोपाठ येतो. आणि यादींत 'मूळव्याध' असें लिहिण्यापूर्वीं पान वाचावें. त्यांत स्थान कोणतें आहे, नाक कीं कान कीं गुद. अंकुराच्या मुळाविषयीं कांहीं म्हटलें आहे काय. उपाय चारांपैकीं कोणता. वेळेचें वा अंतराचें माप दिलें आहे काय. या चार गोष्टी टिपून ठेवाव्यात. घराण्यांतील बाडांत औषधी योग सांपडणें स्वाभाविक आहे, कारण योग कागदावर उतरतो. क्षार, अग्नि व शस्त्र हे हाताचे विषय असल्यामुळें ते गुरूच्या शेजारीं बसून शिकावयाचे होते. म्हणून अशा बाडांत शस्त्राचा उल्लेख नसला, एवढ्यावरून त्या काळीं शस्त्र चालत नव्हतें असें ठरवूं नये. आणि एखाद्या कोपऱ्यांत दोऱ्याचा, नळीचा किंवा डागणीचा एक शब्द जरी आढळला, तरी तो पदरांत घ्यावा. हात केव्हां उचलावा आणि केव्हां आवरावा, हें ठरविणाऱ्या विद्येचा तेवढाच लेखी पुरावा त्या घराण्यांत उरलेला असण्याचा संभव आहे.